खाडीला सातबारा नव्हता : नवी मुंबईच्या गावांमधल्या ताटाचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय कळला तेव्हा एकदोघांनी विचारलं, की इतिहासाच्या मालेत जेवणाचं काय काम? प्रश्न बरोबर आहे. आपण ज्या शहरात बसलो आहोत त्याचा इतिहास साधारण असा सांगितला जातो : 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ मासिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, मार्च 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, 1973 साली वाशीचा खाडीपूल झाला, आणि पुढे नोड, स्टेशनं, बंदर, आता विमानतळ. दुसरा इतिहास प्रकल्पग्रस्तांचा. तोही आपल्याला माहीत आहे. जानेवारी 1984 मधलं जासईचं आंदोलन, गोळीबारात गेलेले पाच जण, दि. बा. पाटील, आणि त्यातून आलेली साडेबारा टक्क्यांची योजना. हे दोन्ही इतिहास जमिनीचे आहेत. जमीन कोणाची, दर काय, भूखंड कोणाला. या जमिनीवर आणि या खाडीत जे पिकायचं, सापडायचं, ते कोणाच्या ताटात किती पडायचं हा हिशेब कोणी ठेवला नाही. आज त्याबद्दल बोलू.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. ‘पूर्वीचं अन्न सकस, आताचं निकस’ असं एक भाषण तयार मिळतं, आणि ते करायला फार सोपं असतं. आम्हीही या गावांत फिरायला लागलो तेव्हा तेच डोक्यात घेऊन गेलो होतो. म्हाताऱ्या बायकांनी ते फार वेळ टिकू दिलं नाही.

आधी जमिनीपासून. ठाणे, पनवेल, उरण हा सगळा पट्टा खारीचा. भरतीचं पाणी अडवण्यासाठी खाडीच्या कडेने मातीचा मोठा बांध घालायचा, त्याला बाहेरकाठा म्हणायचं, आतलं पावसाचं पाणी सोडायला उघाड्या ठेवायच्या, आणि दोनतीन पावसाळ्यांनी जमिनीतला खार धुतला गेला की तिथे भात लावायचा. असे बांध घालणाऱ्यांना इंग्रजांच्या आधीपासून ‘शिलोत्री’ नावाची वेगळी जमीनधारणा मिळत असे. 1948 साली मुंबई सरकारने खारजमिनींसाठी वेगळा कायदाच केला. या जमिनीत सगळं भात टिकत नाही. ‘काळा राता’, ‘भुरा राता’ अशी खार सोसणारी, तांबड्या दाण्याची स्थानिक वाणं होती. पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र आहे, तिथून पुढे पनवेल-1, पनवेल-2 अशी सुधारित वाणं निघाली. पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून राताच. त्याचा भात पांढराशुभ्र नसतो, पोटाला मात्र धरून राहतो, असं ते सांगतात.

खारीत एकच पीक येतं. पावसाळ्यात भात, मग जमीन पडीक, भेगाळलेली. गोड्या जमिनीत भातानंतर वाल निघायचा, त्याच्या शेंगांची पोपटी थंडीत लावली जायची, ती अजून आहे. वरकस जमिनीत नाचणी, वरी. पण ज्याच्याकडे फक्त खार, त्याच्याकडे फक्त भात. आणि ते भातही सगळं त्याचं नव्हतं.

इथे कुळांचा विषय येतो. कुलाबा जिल्ह्यात खोत आणि सावकार यांच्याकडे जमिनी, आणि कसणारे आगरी, कुणबी वगैरे कुळं. खळ्यावर भात मापलं जायचं तेव्हा खंड आधी जायचा, मग खावटीचं कर्ज सव्वापटीने, दीडपटीने फिटायचं, आणि उरलेलं घरी. खावटी म्हणजे काय? पावसाळ्यात खायला भात नसतं म्हणून सावकाराकडून आणलेलं भात. म्हणजे ज्याने भात पिकवलं तोच आषाढात भात उसनं आणतो. आषाढ-श्रावण हे दोन महिने या पट्ट्यातल्या जेवणाच्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचे. लावणीचं सगळ्यात जड काम तेव्हा, आणि कणगी रिकामी तेव्हाच. ज्या दिवसांत अंगाला सगळ्यात जास्त अन्न लागतं त्याच दिवसांत घरात सगळ्यात कमी अन्न.

याच खंडाविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांनी 27 ऑक्टोबर 1933 पासून संप केला. नारायण नागू पाटील त्याचे नेते. कुळांनी जमीनच कसायची नाही असं ठरवलं आणि ते जवळजवळ सहा वर्षं पाळलं. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं त्याच्या मागे हा संप होता. कायद्याच्या दृष्टीने त्याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेलाय. पण सहा वर्षं भात न पिकवता ही माणसं जगली कशावर? लाकूडफाटा विकून, मोलमजुरी करून, असं उत्तर मिळतं. ते खरंच आहे. आम्हाला मात्र असं वाटतं की त्या उत्तरात खाडी राहून जाते. खाडीच्या चिखलातल्या चिंबोऱ्या आणि निवट्यांवर खोताचा खंड नव्हता. समुद्र सावकाराकडे गहाण पडत नाही. हा संप कोकणातल्या डोंगराळ गावांत न होता खारेपाटात झाला याला ही एक बाजू असावी. हा आमचा अंदाज आहे, अंदाज म्हणूनच घ्या.

आता खाडीबद्दल थोडं सावकाश बोलायला हवं, कारण आजच्या विषयाचा गाभा तिथे आहे.

खाडीतली मासळी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर होडी आणि जाळं घेतलेला पुरुष येतो. तो होताच. पण रोजच्या कालवणाचा मोठा भाग होडीतून येत नसे. ओहोटी लागली की बायका आणि पोरं चिखलात उतरायची. हाताने चिंबोरी काढायची, निवट्या पकडायच्या, दगडांवरची कालवं फोडायची, शिवल्या, खुबे वेचायचे, फडक्याने किंवा लहानशा जाळीने कोलीम आणि जवळा गाळायचा. भाताच्या शेतांतल्या तळ्यांमध्ये आणि खाचरांमध्ये जिताडा वाढायचा, पण तो लग्नाकार्याला नाहीतर साहेबाला द्यायला. (रायगडात एखादं काम अडलं की ‘जिताडा पोचवला का?’ असं चेष्टेने विचारतात, ती चेष्टा फार जुनी आहे.) घरच्यांच्या पोटात जायचा तो बारका माल. ज्याला बाजारात भाव नाही, जो काट्यासकट, कवचासकट, डोक्यासकट खाल्ला जातो. आजचा आहारतज्ज्ञ विचाराल तर सांगेल, की सुकवलेला जवळा म्हणजे अख्खा बारका जीव काट्याकवचासकट खाणं, त्यात प्रथिनं आहेत, चुना भरपूर आहे. ते तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. स्वस्त होतं आणि हाताला लागत होतं, एवढंच.

आगोटीला, म्हणजे पाऊस सुरू होण्याआधी, सुकट, बोंबील, वाकट्या, खारे मासे मडक्यांत भरून ठेवायचे. वर सांगितलेले ते आषाढ-श्रावण त्यावर निघायचे. तांदळाची भाकरी नाहीतर आंबील, आणि चुलीत भाजलेला एक बोंबील. भात कमी, पण त्याच्याबरोबर काहीतरी होतं.

यात दोन गोष्टी होत्या, आणि दुसरी आम्हाला फार उशिरा लक्षात आली. पहिली, खाडी सगळ्यांची होती. जमीन नसलेल्या घरालाही ती होती. मिठागरावर मजुरी करणाऱ्या आगऱ्याला, कोळ्याला, खाडीकाठी आलेल्या कातकऱ्यालाही. दुसरी, चिखलातून आलेला माल बाईच्या हातात असायचा. तिने ठरवायचं यातलं किती घरात शिजवायचं आणि किती पाटीत घालून पनवेलच्या, बेलापूरच्या, ठाण्याच्या बाजारात वाटे लावून विकायचं. त्या पैशाचं मीठमिरची, गूळ, पोराला एखादं औषध. भाताचा हिशेब नवऱ्याकडे, सासऱ्याकडे. खाडीचा हिशेब तिच्याकडे. घरातल्या अन्नावर तिचा जो काही हक्क होता तो या चिखलातून आला होता.

आता त्या ‘पूर्वीचं सगळं छान’ या गोष्टीकडे येतो, जी बायकांनीच मोडून काढली. सत्तरी ओलांडलेल्या एका आजीला आम्ही मोठ्या उत्साहाने विचारलं, तेव्हा खायला-प्यायला चांगलं होतं ना? ती म्हणाली, चांगलं होतं, पण कोणाला? आधी सासरा, दीर, नवरा, मग पोरगे, मग पोरी, मग सासू, मग ती. मासळीचे मधले तुकडे वरच्यांना, डोकं-शेपूट आणि रस्सा खालच्यांना. भात कमी पडला की पेज तिची. सडलेल्या भातातला अख्खा तांदूळ वर, कण्या खाली. पहिलं पोर पोटात असताना तिला कमी जेवायला लावलं होतं, कारण मूल मोठं झालं तर सुटका अवघड जाईल अशी समजूत. ही समजूत फक्त आगऱ्यांत नाही, भारतभर अनेक ठिकाणी अभ्यासकांनी नोंदलेली आहे. आणि उखळात भात सडायचं काम तिचंच. हातसडीचा तांदूळ सकस म्हणून आज दुप्पट किमतीने विकला जातो. पहाटे उठून घरभराचं भात सडणाऱ्या बाईला जेव्हा गावात गिरणी आली तेव्हा काय वाटलं असेल, हे त्या किमतीत दिसत नाही.

म्हणजे विषमता नवी नाही. ती ताटात आधीपासूनच होती. बदललं ते तिचं रूप, आणि ते कसं बदललं हा खरा प्रश्न आहे.

थोडं मागे जाऊ. अन्नाचं माप ही सरकारी गोष्ट कधी झाली? आपल्याकडे 1876-78च्या दुष्काळात. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके त्या दुष्काळात देशावर फिरले आणि तिथे जे पाहिलं त्याने पेटून उठले, हे आपल्याला माहीत आहे. त्याच वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुरांना दिवसाला एक पौंड धान्य आणि थोडे पैसे पुरे, असं ठरवलं होतं. माणूस जिवंत राहून काम करायला किमान किती लागतं, याचा तो प्रयोगच होता. बाईला पुरुषापेक्षा कमी, मुलाला त्याहून कमी. मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. दुष्काळ देशावरचा, कोकणात त्याची झळ तेवढी नव्हती. पण ‘बाईला कमी पुरतं’ हे घरातलं गणित तिथे सरकारी कागदावर चढलं.

आमच्या या पट्ट्यात सरकार ताटात शिरलं ते दुसऱ्या वाटेने, जंगलाच्या आणि अबकारीच्या. भाताच्या रोपवाटिकेत राब भाजायला टहाळ लागतो, तो जंगलातून यायचा, जंगल राखीव झालं की भातच अडतं. 25 सप्टेंबर 1930ला उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, त्याच्या मुळाशी हीही गोष्ट आहे. आणि मोह. 1892 साली खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. कारण उघड होतं, गावठी दारू बंद करून उरणच्या भट्ट्यांचा महसूल वाढवायचा. पण कातकरी आणि ठाकरांसाठी मोह फक्त दारू नव्हता, टंचाईच्या महिन्यांतलं खाणं होतं. वाळवलेली फुलं भिजवून, शिजवून खायची. सरकारने दारू मोजली, अन्न मोजलं नाही.

मग 1943 साली मुंबई शहरात रेशनिंग आलं. शहराला शिधापत्रिका आणि खेड्याला लेव्ही, असा तो व्यवहार होता. पुढे अमेरिकेशी झालेल्या पीएल-480 कराराचा गहू, आणि 1972च्या दुष्काळातला लाल मिलो आणि सुकडी. त्याबद्दल महाराष्ट्रात पुष्कळ बोललं गेलंय, इथे थांबत नाही.

थांबायचं आहे ते पुण्यातल्या एका वादाजवळ, कारण तो आपल्या विषयाला थेट भिडतो आणि दोन्ही बाजूंना मराठी माणसं होती. 1971 साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दिवसाला 2250 कॅलरी मिळाल्या पाहिजेत असं धरून त्यांनी रेषा आखली, आणि 1960-61 साली ग्रामीण भागातले सुमारे 40 टक्के लोक त्या रेषेखाली आहेत असं दाखवलं. त्यावर पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुध गावचे, संख्याशास्त्रज्ञ, रोममध्ये अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते. त्यांचं म्हणणं असं, की एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, त्यामुळे सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण कुपोषित नव्हे. आणि अन्नाइतकंच स्वच्छ पाणी आणि आरोग्य महत्त्वाचं. हा मुद्दा हलका नाही, पोरगं दर महिन्याला हगवणीने आजारी पडत असेल तर घातलेलं अन्न अंगी लागत नाही. पण या वादाचा शेवट जगात ‘लहानखुरे पण निरोगी’ अशा एका सिद्धांतापर्यंत गेला, आणि त्यावर डॉ. गोपालन यांच्यासारख्या पोषणशास्त्रज्ञांनी सडकून टीका केली.

हे सगळं वाचताना आम्हाला राहून राहून ती आजी आठवत होती. दांडेकर काय आणि सुखात्मे काय, दोघेही आकडे घराचे घेत होते. घरात आलेलं एकूण धान्य, भागिले माणसं. आहाराच्या जुन्या पाहण्यांत तर प्रौढ पुरुष म्हणजे एक आणि बाई म्हणजे एकापेक्षा कमी, असा गुणांक लावायची रीत होती. दोघांनाही दोष देता येत नाही, उपलब्ध माहितीच तशी होती. पण जिथे विषमता आहे ती जागा, चूल आणि पान यांच्यामधलं अंतर, दोन्हींकडून निसटली. शरीर जुळवून घेतं हे खरं धरलं, तरी घरात जुळवून घेण्याची पाळी रोज एकाच शरीरावर का येते?

आता परत खाडीकडे. 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी कूळकायद्याने कुळं मालक झाली. कित्येक पिढ्यांनी पहिल्यांदा स्वतःचं भात पूर्ण घरी आणलं. त्यानंतर जेमतेम तेरा वर्षांनी भूसंपादन सुरू झालं. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली 95 गावं, 344 चौरस किलोमीटर. एका पिढीला पोटभर भात मिळाला, म्हणेपर्यंत शेत गेलं.

मोबदला कोणाला मिळाला? सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. सातबाऱ्यावर नावं पुरुषांची. त्यातून कोणी घर बांधलं, कोणी ट्रक घेतला, कोणी लग्नं केली, कोणी उडवला. यावर पुष्कळ चेष्टाही झाली आहे, ती आम्हाला आवडत नाही, कारण ज्याने आयुष्यात एकरकमी पैसा पाहिला नाही त्याच्याकडून बँकरसारखं वागण्याची अपेक्षा कोणत्या हिशेबाने? पण एक गोष्ट या सगळ्यात कोणीच बोललं नाही. खाडीला सातबारा नव्हता. ती कोणाच्या नावावर नव्हती, म्हणून तिचा मोबदलाही कोणाला नव्हता. भराव पडला, बाहेरकाठे फुटून खांडी गेल्या त्या कोणी बांधल्या नाहीत, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी खाडीत गेलं, 1989 साली न्हावा-शेव्याला बंदर सुरू झालं. मोठ्या सागरी प्रकल्पांच्या वेळी पुढे मच्छीमारांना नुकसानभरपाई देण्याचे निर्णय झाले, पण ते होडी, जाळं, संस्थेचं सभासदत्व बघून. गुडघाभर चिखलात उतरून हाताने चिंबोरी काढणारी बाई मच्छीमार या व्याख्येत कशी बसवायची?

परिणाम ताटात दिसला, आणि तो विचित्र होता. घरात पैसा आला आणि बाईच्या हातातला पैसा गेला. आधी गरिबीत तिच्याकडे दोन वाटे असायचे, आता भाड्याच्या खोल्यांचं उत्पन्न आलं ते नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खात्यात. कालवण विकत आणायचं म्हणजे पैसे मागायचे. बारका माल बाजारात मिळेनासा झाला. मिळाला तर कोलंबीच्या भावाने. मग रोजच्या जेवणात काय आलं? गव्हाची चपाती, बटाटा, डाळ, पॉलिश केलेला तांदूळ, चहा-बटर, आणि तेल. तेलाचं वर्ष सांगता येतं. 1994 साली पामतेलाची आयात खुली झाली आणि नंतर तळलेलं सगळं स्वस्त झालं. पाच रुपयांचं पाकीट गावठाणातल्या प्रत्येक दुकानाच्या दारात माळेसारखं लोंबकळायला लागलं.

देशाचे आकडे याच दिशेने जातात. ग्रामीण भारतात 1972-73 साली माणशी महिन्याला सुमारे 15 किलो तृणधान्य खाल्लं जायचं, 2011-12 मध्ये 11 किलोच्या आसपास आलं, आणि 2022-23च्या पाहणीत साडेनऊ-पावणेदहाच्या मध्ये. यात काही वाईटच आहे असं नाही. उखळ गेलं, पाणी डोक्यावरून आणणं कमी झालं, अंगमेहनत घटली, ताटात दुसरं काही आलं. पण ते दुसरं काय आणि कोणाच्या ताटात, हे परत तेच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय आहे. चार-पाच वर्षं आधीच्या पाहणीत हाच आकडा 48 होता. पुरुषांमध्ये तो 22 टक्क्यांच्या जवळ. त्याच पाहणीत राज्यातल्या जवळपास 21 टक्के बायका अतिकृश आणि 23 टक्के बायका वजनाने जास्त. हे दोन आकडे दोन वेगळ्या राज्यांचे नाहीत. एकाच गावठाणात, कधी एकाच घरात, सासू मधुमेहाच्या गोळ्या घेते आणि सुनेचं हिमोग्लोबिन आठवर असतं. दोघींच्या ताटात भात तोच, फक्त एकीच्या अंगाने चाळीस वर्षं कमी खाऊन सवय लावून घेतली होती.

बायकांना आणि पुरुषांना बाळंतपण, पाळी यांमुळे वेगळी गरज असते, त्यामुळे हा सगळा फरक ताटाचा नाही हे मान्य. तरीही अख्ख्या राज्याची आर्थिक स्थिती सुधारत असताना बायकांचा आकडा वर जातो, हे नुसत्या शरीरशास्त्राने सुटत नाही.

आतापर्यंत आम्ही ज्यांची जमीन गेली त्यांच्याबद्दल बोललो. ज्यांची जमीन नव्हतीच त्यांचं काय? पनवेल, उरण, कर्जत, पेण भागातल्या कातकरी वाड्या. मिठागर, जंगल, खाडी, शेतातली मजुरी अशा चार-पाच ठिकाणांहून थोडं थोडं जमवून त्यांचं जेवण व्हायचं. उंदीर, खेकडे, मासे, कंद, पावसाळ्यातल्या रानभाज्या. एकेक जागा बंद होत गेली. राहिली वीटभट्टी. दिवाळीनंतर भट्टीवाल्याची उचल घ्यायची आणि पाऊस येईपर्यंत सगळं कुटुंब भट्टीवर. रेशनकार्ड गावात, माणसं भट्टीवर, पोरं अंगणवाडीच्या पटावर एका ठिकाणी आणि प्रत्यक्षात दुसऱ्या. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला, अंत्योदय घराला पस्तीस किलो. हा हक्क फार मोठा आहे, त्याला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा आषाढातली कणगी आठवावी. आता तर ते धान्य मोफत मिळतं. पण ते मिळतं गहू आणि तांदूळ. नवी मुंबईच्या विटा ज्यांनी भाजल्या त्यांच्या ताटात पोट भरायला पांढरा भात आहे, त्याच्याबरोबर घालायला जे होतं ते नाही.

आणि तिसरे आले ते देशावरचे. तुर्भे, दिघा भागातल्या झोपडपट्ट्यांत मराठवाड्यातून, सोलापूरकडून आलेली कुटुंबं राहतात. नाक्यावर उभं राहून काम मिळवतात. यांच्या घरी ज्वारीची भाकरी होती. वाशीच्या घाऊक बाजारात सगळ्या महाराष्ट्राचं धान्य आणि भाजी उतरते, शंभर पावलांवर ज्वारीच्या गोणींची थप्पी असते, आणि ही माणसं रेशनचा गहू खातात, कारण ज्वारी आता गव्हाहून महाग झाली आहे. एके काळी जी गरिबाची म्हणून हिणवली गेली तीच भाकरी आता हॉटेलात ‘चुलीवरची’ म्हणून वेगळ्या दराने मिळते.

सरकारदरबारी यातली पुष्कळ गावं आता शहरी आहेत. महापालिका 1992 पासून आहे. गावठाणातलं घर, कातकरी वाडी आणि नाक्यावरची खोली आकड्यांत एकाच ‘शहरी’ रकान्यात सेक्टरमधल्या फ्लॅटबरोबर बसतात आणि सरासरी चांगली येते. दांडेकर-सुखात्मे यांच्या वेळी घराच्या सरासरीत बाई हरवली होती. आता शहराच्या सरासरीत गाव हरवलं. ठाणे खाडीला 2022 साली रामसर दर्जा मिळाला, रोहित पक्ष्यांमुळे. आनंदाचीच गोष्ट आहे. पक्षी त्या चिखलात काय खातात यावर अभ्यास होतात. त्याच चिखलात कालपर्यंत बायका काय काढत होत्या, त्याची यादी कुठे मिळत नाही. आम्ही आमच्या वहीत नावं लिहायला घेतली तेव्हा तीस-पस्तीस झाली, आणि त्यातली निम्मी नावं सांगणाऱ्या बाईच्या सुनेला माहीत नव्हती.

गेल्या पावसाळ्यात पनवेल स्टेशनबाहेर एक कातकरी बाई शेवळांच्या जुड्या घेऊन बसली होती. सोबत काकडंही होती, कारण काकडांशिवाय शेवळं घशाला खाजतात. जुडीचा भाव ऐकून आम्ही थोडे दचकलो, तरी आमच्या पुढच्या बाईंनी घासाघीस न करता चार जुड्या घेतल्या. शेवळं उगवतात जेमतेम दोन-तीन आठवडे, हे त्यांना माहीत होतं. आम्ही त्या कातकरी बाईला विचारलं, घरी ठेवलीत का थोडी? ती हसली. म्हणाली, एका जुडीत दोन दिवसांचं तेल-मीठ येतं, घरी कशाला ठेवू? तिच्या मांडीवरच्या पोराच्या हातात पाच रुपयांचं पाकीट होतं.